शंभर विजय आणि बासष्ट विजय : क्रीडापानांच्या संपादकांस एक खुले पत्र

मराठी दैनिकांच्या व वृत्तसंकेतस्थळांच्या क्रीडा विभागांचे संपादक, उपसंपादक आणि स्तंभलेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी इटलीतल्या सेस्त्रिएरे येथे अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने स्लालमची, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणे घेत उतरण्याची, स्कीइंगची शर्यत जिंकली आणि विश्वचषक मालिकेतील तिच्या विजयांची शंभरी पूर्ण झाली. ही बातमी मराठीत वाचायला मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला, कारण हिवाळी ऑलिंपिकचे पंधरा दिवस सोडले तर बर्फावरच्या खेळांना आपल्या क्रीडापानांवर सहसा जागा मिळत नाही. मात्र त्या बातमीतली दोन वाक्ये मला आजही टोचतात. एका वाक्यात शिफ्रिनने ‘शंभरावा विश्वचषक’ पटकावल्याचे म्हटले होते आणि दुसऱ्यात ती ‘आजवरची सर्वश्रेष्ठ महिला स्कीपटू’ असल्यावर शिक्कामोर्तब झाल्याचे. पहिले वाक्य सरळसरळ चुकीचे आहे. दुसरे चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण ज्या एका आकड्याच्या जोरावर ते लिहिले गेले, त्या आकड्याला तेवढे ओझे पेलत नाही. हा दोष कोणा एका वृत्तपत्राचा नसल्यामुळे मी नाव घेत नाही, आणि म्हणूनच हे पत्र सर्वांना उद्देशून लिहीत आहे.

पहिल्या चुकीचे मूळ आपल्या क्रिकेटप्रेमात आहे. विश्वचषक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चार वर्षांतून एकदा उंचावला जाणारा करंडक येतो, आणि असे शंभर करंडक एका बाईने जिंकले असे वाचून एखाद्या भाबड्या वाचकाने बोटे घातली तोंडात तर त्याचे काही चुकले नाही. स्कीइंगमध्ये वर्ल्ड कप हे ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत वेगवेगळ्या डोंगरांवर होणाऱ्या शर्यतींच्या मालिकेचे नाव आहे. प्रत्येक शर्यतीला गुण असतात, पहिल्या क्रमांकाला हल्ली १०० गुण मिळतात, आणि हंगाम संपल्यावर ज्या खेळाडूचे एकूण गुण सर्वाधिक, तिला काचेचा मोठा गोल दिला जातो. आपल्या अर्थाने ‘विश्वचषक’ म्हणायचेच असेल तर तो हा गोल. शिफ्रिनने सेस्त्रिएरेला शंभरावी शर्यत जिंकली तेव्हा असे मोठे गोल तिच्याकडे पाच होते: २०१७, २०१८, २०१९, २०२२ आणि २०२३ या वर्षांचे. ऑस्ट्रियाच्या आनमारी मोझर-प्रोलकडे सहा आहेत. बातमीत ही एवढी ओळ असती तरी शिक्कामोर्तब करणाऱ्याचा हात क्षणभर थबकला असता.

मी एकोणीस वर्षे स्वित्झर्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहिले, आता पुण्यात असते. स्वतः मी जेमतेम घसरत खाली यायला शिकले, त्यामुळे तज्ज्ञतेचा दावा नाही. पण थंडीतल्या शनिवार-रविवारी दूरदर्शन संचासमोर बसून शर्यती पाहणे आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांशी त्यावर वाद घालणे हा तिथला रिवाज माझ्याही अंगवळणी पडला. आमच्या इमारतीत एक आजी राहत, मूळच्या ग्लारुस भागातल्या, तरुणपणी गावच्या क्लबातर्फे शर्यतींत उतरलेल्या. एकदा त्यांनी मला तळघरात नेले आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्यांच्या जुन्या स्की दाखवल्या. दोन मीटरच्या आसपास लांब, वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्या रुंदीच्या, हातात घेतल्यावर एखाद्या तुळईचा तुकडा उचलल्यासारख्या जड. शेजारीच त्यांच्या नातीच्या स्लालमच्या स्की उभ्या होत्या: १५५ सेंटिमीटर, म्हणजे नातीच्या हनुवटीपर्यंतही न पोहोचणाऱ्या, आणि मध्ये डमरूसारखी बारीक कंबर असलेल्या. आजींनी नातीची स्की फरशीवर कडेवर टेकवून वरून दाबली, तशी ती धनुष्यासारखी वाकली. मग त्यांनी स्वतःची स्की तशीच दाबून दाखवली. ती हलेचना. ‘हिला वळवायला सगळे शरीर लागायचे,’ त्या म्हणाल्या, ‘आणि हिला कड लावली की ती आपणच वळते, फक्त तिच्यावर टिकून राहायला मांड्या लोखंडाच्या लागतात.’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. नातीचे काम सोपे आहे असेही त्या म्हणाल्या नाहीत.

त्या तळघरातल्या दोन जोड्यांमधले अंतर बातमी लिहिताना लक्षात ठेवावे, एवढेच माझे मुख्य सांगणे आहे. साधने, मैदान, नियम, शर्यतींचे प्रकार आणि गुणांची पद्धत यांपैकी काहीही साठ वर्षांत स्थिर राहिलेले नसताना, विजयांची बेरीज मात्र एकाच रकान्यात खाली खाली लिहिली जाते आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत मोठी खेळाडू असे गृहीत धरले जाते.

मोझर-प्रोलचेच पाहा. साल्झबुर्ग प्रांतातल्या क्लाइनआर्ल या लहानशा खेड्यातली, डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरची ही मुलगी १९७१ ते १९७५ सलग पाच वर्षे मालिकेत एकूण गुणांत पहिली आली आणि १९७९ मध्ये सहाव्यांदा. तिचे ६२ विजय आहेत. त्यांतले ३६ डाउनहिलचे, म्हणजे उतारावरून सर्वाधिक वेगाने सुटण्याच्या शर्यतीतले, १६ जायंट स्लालमचे, म्हणजे खांब अधिक अंतरावर रोवलेल्या स्लालमचे, ३ स्लालमचे आणि ७ संयुक्त प्रकारातले, म्हणजे वेगाची व स्लालमची शर्यत मिळून निकाल लागतो त्यातले. डिसेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात ती ओळीने अकरा डाउनहिल शर्यती जिंकली. १९७२-७३ च्या हंगामात महिलांच्या आठ डाउनहिल झाल्या आणि आठही तिने जिंकल्या. त्यातही गंमत अशी की त्या वेळच्या नियमानुसार डाउनहिलच्या चषकासाठी खेळाडूचे सर्वोत्तम पाचच निकाल धरले जात आणि एका विजयाला २५ गुण मिळत. त्यामुळे आठ शर्यती जिंकूनही तिच्या खात्यात गुण पडले १२५. उरलेल्या तीन विजयांचे तिला गुणतक्त्यात काहीही मिळाले नाही. शिफ्रिनचे २०१८-१९ च्या हंगामातले एकूण २,२०४ गुण आणि प्रोलचे डाउनहिलचे हे १२५ असे शेजारी शेजारी छापले तर वाचकाचा काय समज होईल?

ती सुपर-जीमध्ये कधी जिंकली नाही, कारण सुपर-जी हा प्रकार मालिकेत आला १९८२-८३ च्या हंगामात आणि ती शेवटची उतरली १९८० मध्ये. डाउनहिलचा वेग आणि जायंट स्लालमची वळणे यांच्या मधला हा प्रकार तिच्यासाठीच बेतलेला वाटावा असा होता. आता अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनकडे वळू. २०१९ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ८२ विजय होते आणि तोवर महिलांमध्ये तो विक्रम होता. त्या ८२ मध्ये ४३ डाउनहिल, २८ सुपर-जी, ४ जायंट स्लालम, २ स्लालम आणि ५ संयुक्त. प्रोलच्या काळात नसलेला प्रकार बाजूला काढला तर व्हॉनकडे उरतात ५४, आणि प्रोलचे ६२ तसेच राहतात. हाच हिशेब शिफ्रिनला लावा. तिच्या शंभरांत ६३ स्लालम, २२ जायंट स्लालम, ५ सुपर-जी, ४ डाउनहिल, १ संयुक्त आणि ५ समांतर शर्यती आहेत; समांतर म्हणजे दोन खेळाडू शेजारच्या दोन वाटांवरून एकाच वेळी सुटतात ती. सुपर-जी आणि समांतर प्रकार वजा केले तरी ९० उरतात. म्हणजे या वजाबाकीने व्हॉन आणि प्रोल यांची जागा बदलते, शिफ्रिनची बदलत नाही. वजाबाकी करून पाहिल्याने जुन्यांचाच फायदा होतो असा कोणाचा समज असेल तर तो खरा नाही, हे दाखवण्यासाठी हे उदाहरण दिले.

अर्थात माझ्या या वजाबाकीतही खोट आहे आणि ती मीच सांगितलेली बरी. प्रोल वयाच्या विसाव्या वर्षी ज्या संख्येने शर्यतींत उतरत होती त्यापेक्षा आज एका हंगामात कितीतरी जास्त शर्यती असतात. दुसरीकडे, ती १९७५-७६ चा पूर्ण हंगाम खेळली नाही, त्यामुळे इन्सब्रुकचे ऑलिंपिकही हुकले, आणि सत्ताविसाव्या वर्षी तिने स्की कायमच्या खाली ठेवल्या. व्हॉन पहिल्यांदा निवृत्त झाली ती चौतिसाव्या वर्षी. कोणाच्या वाट्याला किती शर्यती आल्या हे न सांगता किती जिंकल्या एवढेच सांगणे म्हणजे फलंदाजाच्या धावा सांगून डाव किती ते गाळण्यासारखे आहे.

इथे मला आपल्याच घरातले उदाहरण द्यावेसे वाटते. सुनील गावसकरांची कसोटीतली ३४ शतके आणि सचिन तेंडुलकरांची ५१ शतके यांची तुलना कोणी नुसत्या आकड्यांवर करू लागला, तर आपल्या कोणत्याही क्रीडापानाचा उपसंपादक त्याला हटकेल. ‘अहो, पण काळ कोणता होता, गोलंदाज कोण होते, डोक्यावर हेल्मेट होते का?’ असे तो विचारेल, १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या ७७४ धावा काढून दाखवेल, आणि तरीही तेंडुलकरांना कमी लेखणार नाही. ही समज आपल्याकडे आहे. ती क्रिकेटच्या सीमारेषेपाशी थांबते, एवढीच माझी तक्रार आहे.

स्लालमकडे पाहिले तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तिथे दोन पिढ्यांच्या मध्ये दोन वेळा खेळ मुळातून बदलला. सत्तरच्या दशकापर्यंत वळणाचे खांब बांबूचे आणि ताठ असत. त्यांना धडकणे म्हणजे इजा करून घेणे, म्हणून खेळाडू संपूर्ण शरीर खांबाच्या बाहेरून फिरवून नेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बुडाशी बिजागरी असलेले, धक्का बसताच लवणारे खांब आले आणि स्लालमची चालच पालटली. आता पाय खांबाच्या एका बाजूने जातात, शरीर दुसऱ्या बाजूने, आणि नडगीवरचे व मुठीवरचे कवच खांबाला झोडपत पुढे जाते. कडेला उभे राहून पाहणाऱ्याला आधी तो आवाज लक्षात राहतो: खट्, खट्, खट्, सेकंदाला एकापेक्षा जास्त, आणि त्यामागून बर्फ खरवडल्याची कर्कश खरखर. स्वित्झर्लंडची व्रेनी श्नायडर खेळली ती या लवणाऱ्या खांबांमधून, पण आजींच्या स्कींच्याच घराण्यातल्या लांब, सरळ स्कींवर. ती १९९५ मध्ये थांबली. त्यानंतर काही वर्षांतच डमरूसारख्या आखूड स्कींनी स्लालम ताब्यात घेतला. म्हणजे प्रोल आणि श्नायडर यांच्यामध्ये खांब बदलले, श्नायडर आणि शिफ्रिन यांच्यामध्ये स्की बदलल्या. तिघींना एकाच उतारावर उभे करून घड्याळ लावण्याची कल्पना मनोरंजक असेल, पण कोणाच्या पायात कोणती स्की बांधायची हेच आधी ठरवावे लागेल.

श्नायडर ही ग्लारुसमधल्या एल्म गावची, त्यामुळे आमच्या आजींच्या दृष्टीने वादाला जागाच नव्हती. तिचे ५५ विजय आहेत: ३४ स्लालम, २० जायंट स्लालम, १ संयुक्त. १९८८-८९ मध्ये तिने १४ शर्यती जिंकल्या, त्यात हंगामातल्या सातही स्लालम होत्या. एका हंगामातला हा विक्रम तीस वर्षे टिकला आणि २०१८-१९ मध्ये शिफ्रिनने १७ विजय मिळवून तो मोडला. त्या सतरांपैकी दोन विजय समांतर शर्यतींमधले होते. श्नायडरच्या त्या हंगामात ही सोय नव्हती. ते दोन काढले तरी पंधरा राहतात आणि पंधरा चौदापेक्षा जास्तच. त्यातही शिफ्रिनने त्या एका हंगामात स्लालम, जायंट स्लालम आणि सुपर-जी या तिन्ही प्रकारांचे छोटे गोल व एकूण गुणांचा मोठा गोल असे चार गोल घरी नेले, हे मला त्या सतराच्या आकड्यापेक्षा मोठे वाटते. श्नायडरचे त्या वर्षीचे गुण ३७६, शिफ्रिनचे २,२०४. पहिले पंचविसाच्या पट्टीने मोजलेले, दुसरे शंभराच्या, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पट्टी बदलल्यानंतरच्या. हे न सांगता दोन आकडे एका तक्त्यात ठेवणे म्हणजे आण्यांची आणि पैशांची बेरीज करणे होय.

नुसत्या बेरजेत जे कायमचे हरवून जाते त्याची आठवण म्हणून पेट्रा क्रोनबर्गरचे नाव घेते. ऑस्ट्रियाच्या या खेळाडूचे विजय अवघे १६. सर्वाधिक विजयांच्या यादीत तिचे नाव शोधावे लागेल. पण १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षे ती एकूण गुणांत पहिली होती, पाचही प्रकारांत शर्यत जिंकणारी ती पहिली महिला, १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके तिची, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, तेवीस वर्षांची असताना, तिने खेळ सोडला. क्रोएशियाच्या यानित्सा कोस्तेलिचने २००२ च्या एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले, २००६ मध्ये आणखी एक सुवर्ण व एक रौप्य, तीनदा मोठा गोल जिंकला, आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर पंचविसाव्या वर्षी ती निवृत्त झाली. तिचे विजय ३०. जी थांबली तिची बेरीज थांबली, आणि बेरीज थांबली म्हणून ती लहान ठरली, असा हा न्याय आहे.

आणखी मागे गेलो तर ही बेरीज सुरूच होत नाही. विश्वचषक मालिका चालू झाली जानेवारी १९६७ मध्ये. त्यापूर्वीच्या खेळाडूंना या रकान्यात शून्य आहे. जर्मनीच्या क्रिस्टल क्रान्झने १९३४ ते १९३९ या काळात जागतिक अजिंक्यपदाची बारा सुवर्णपदके मिळवली, त्या वेळी ही स्पर्धा दरवर्षी होत असे, आणि १९३६ चे ऑलिंपिक सुवर्णही तिचेच. अमेरिकेच्या अँड्रिया मीड लॉरेन्सने १९५२ मध्ये ऑस्लोला एकोणिसाव्या वर्षी दोन सुवर्णपदके जिंकली. कॅनडाची नॅन्सी ग्रीन १९६० च्या ऑलिंपिकपासून खेळत होती. मालिका सुरू झाल्यावर पहिले दोन्ही मोठे गोल तिने नेले आणि १९६८ मध्ये ती थांबली, म्हणजे तिच्या कारकिर्दीचा बराचसा भाग मोजणाऱ्याच्या वहीत नाहीच. ‘आजवरची’ हा शब्द लिहिताना आपण या सगळ्या बायकांविषयी निवाडा देत असतो.

मग ऑलिंपिकची पदके हा निकष घ्यावा का? तो आणखी कच्चा आहे. १९७२ मध्ये साप्पोरोला प्रोल ऐन भरात होती आणि स्वित्झर्लंडच्या सतरा वर्षांच्या मारी-तेरेस नाडिगने तिला डाउनहिलमध्ये ०.३२ सेकंदाने मागे टाकले. ताशी नव्वद किलोमीटरचा वेग धरला तर हे अंतर आठ मीटर होते. जायंट स्लालममध्येही नाडिगच पुढे. १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीची रोझी मिटरमायर दोन सुवर्णे घेऊन तिसऱ्यासाठी उतरली आणि जायंट स्लालममध्ये ०.१२ सेकंदाने चुकली. महिलांची ती शर्यत तेव्हा एकाच फेरीची असे. आज दोन फेऱ्यांची वेळ मिळवून निकाल लागतो, त्यामुळे चूक भरून काढायला दुसरी संधी असते. प्रोलला सुवर्ण मिळाले १९८० मध्ये लेक प्लॅसिडला, डाउनहिलमध्ये, तिच्यामागे लिख्टेनस्टाइनची हानी वेंझेल आणि तिसरी तीच नाडिग. वेंझेलने त्या स्पर्धेत स्लालम आणि जायंट स्लालमची सुवर्णे मिळवली, आणि १९८४ मध्ये मात्र तिला ऑलिंपिकचे दार बंद झाले, कारण तिने व्यावसायिक परवाना घेतला होता आणि त्या वेळचे नियम हौशी खेळाडूंचेच होते. उलट २०२२ मध्ये बीजिंगला शिफ्रिन भरात असूनही तीन शर्यतींत खाली पोहोचण्याआधीच बाद झाली आणि रिकाम्या हाताने परतली. चार वर्षांतल्या एका दुपारच्या दीड मिनिटावर कारकीर्द मोजणे हा खेळाचा थरार असू शकतो, मोजमाप नव्हे.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही, हे इथेच नोंदवते, कारण या पत्राचा तसा अर्थ काढला जाण्याचा संभव आहे. आजच्या मुलींना तयार बर्फ मिळतो, स्की घासून-पुसून देणारा माणूस दिमतीला असतो, जाळ्या असतात, वेगाच्या शर्यतींत कपड्यांखाली एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा त्यांचे काय कौतुक, असे बोलणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. जाळ्या आणि एअरबॅगा का आल्या हे त्यांना आठवत नसावे. २९ जानेवारी १९९४ रोजी गार्मिश-पार्टनकिर्खेनच्या डाउनहिलमध्ये ऑस्ट्रियाची उलरिके मायर, सुपर-जीची दोनदा जागतिक विजेती आणि एका लहान मुलीची आई, पडून मरण पावली. तो बर्फ माफ करणारा नव्हता आणि आजचाही नाही. पाणी मुरवून गोठवलेला आजचा उतार काचेसारखा असतो, त्यावर आखूड स्की कडेवर घातली की गुडघ्यावर येणारा ताण पूर्वीपेक्षा वाढलेलाच आहे. शिफ्रिनच्या शंभरीचीच गोष्ट घ्या. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या किलिंग्टनला ती जायंट स्लालमच्या पहिल्या फेरीनंतर आघाडीवर होती, दुसऱ्या फेरीत खाली यायला थोडेच अंतर उरले असताना पडली आणि पोटाला खोल छिद्र पडले. सेस्त्रिएरेचा विजय त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आला. आपल्या बातम्यांत शंभरचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. ही जखम मला कुठे दिसली नाही.

वैद्यकशास्त्र हाही काळाचाच एक भाग आहे. व्हॉनच्या उजव्या गुडघ्याचा काही भाग बदलून तिथे धातूचा बसवला गेला, पाच वर्षांहून अधिक काळ दूर राहून ती परतली आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅलीला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, सुपर-जीमध्ये दुसरी आली. असा गुडघा कोस्तेलिचला मिळता तर, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. उत्तर कोणालाच देता येणार नाही, पण प्रश्न बातमीत यायला हरकत नव्हती.

आता स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्क या पुरुष स्कीपटूविषयी. मार्च २०२३ मध्ये स्वीडनमधल्या ओरे येथे शिफ्रिनने ८७ वी शर्यत जिंकली आणि स्टेनमार्कचा ८६ विजयांचा विक्रम मागे पडला. त्या वेळी ‘पुरुषाला हरवले’ या थाटाचे मथळे वाचल्याचे आठवते. ती दोघे कधीच एका शर्यतीत नव्हती. पुरुष आणि महिला स्वतंत्र उतरतात, प्रत्येकाची बेरीज आपापल्या मैदानातली असते. स्टेनमार्कच्या ८६ मध्ये ४६ जायंट स्लालम आणि ४० स्लालम, बाकी काही नाही. शिफ्रिनने तोवर सहाही प्रकारांत विजय मिळवले होते. ‘अल्पाइन स्कीइंगच्या विश्वचषक मालिकेत सर्वाधिक शर्यती जिंकणारी खेळाडू’ हे वाक्य लांब आहे, मथळ्यात मावत नाही हे मला मान्य आहे, पण ते खरे आहे. याच संदर्भात सांगायचे तर, ‘बर्फावरची परी’ यासारखी शीर्षके आता पुरेत. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढच्या वेगाने बर्फाळ कड्यावरून झेप घेणाऱ्या बाईला परी म्हणणाऱ्याने एकदा तिच्या नडग्यांवरचे काळेनिळे डाग पाहावेत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते लपवण्याचे कारण नाही. स्लालममध्ये शिफ्रिनइतकी वरचढ बाई झाली नाही असे मला वाटते, श्नायडरचा तो सातांपैकी सात विजयांचा हंगाम लक्षात घेऊनसुद्धा, कारण शिफ्रिनचे वर्चस्व एका हंगामाचे नसून दशकाहून मोठे आहे आणि तिच्यासमोर स्लोव्हाकियाच्या पेट्रा व्ल्होवासारखी प्रतिस्पर्धी उभी होती. डाउनहिलमध्ये मी प्रोलला पहिली जागा देते, व्हॉनचे २०१९ पर्यंतचेच विजय सातने जास्त असूनही, कारण आपल्या काळातल्या इतर सर्वजणींपासून इतके अंतर राखून कोणी खेळल्याचे मला दिसत नाही. सर्वांगाने कोण, याचे उत्तर मी आजींच्या हयातीत दिले नाही आणि आता द्यायलाही तयार नाही. आजी मात्र शेवटपर्यंत ‘व्रेनी’ एवढेच म्हणाल्या आणि पुरावा म्हणून कधी एकही आकडा दिला नाही.

आपल्याकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. बातमीत एखाद्या खेळाडूचे एकूण विजय छापाल तेव्हा ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत खेळली आणि कोणत्या प्रकारात किती जिंकली हे सोबत द्यावे. दोनच ओळी लागतात. मालिकेतली शर्यत आणि हंगामाचा चषक यांसाठी वेगळे शब्द ठरवावेत आणि सर्वांनी तेच वापरावेत. ‘मालिकेतील शर्यत’ आणि ‘हंगामाचा विश्वचषक’ चालतील, याहून चांगले सुचले तर उत्तमच. जुन्या खेळाडूचे गुण नव्यांशेजारी ठेवायचे झाल्यास गुणांची पद्धत बदलल्याची तळटीप द्यावी. आणि ‘सर्वश्रेष्ठ’ हे विशेषण बातमीतून काढून स्तंभलेखात न्यावे, जिथे लिहिणाऱ्याचे नाव असते आणि वाचकाला त्याच्याशी भांडता येते.

या पत्रात आलेल्या खेळाडूंचा प्रकारवार तक्ता मी स्वतःसाठी वहीत करून ठेवला आहे. कोणत्याही कार्यालयाला तो हवा असल्यास स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवीन. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या सोल्डेनच्या हिमनदीवर महिलांच्या जायंट स्लालमने नवा हंगाम उघडतो, त्याच्या आठवडाभर आधी तो आपल्या टेबलावर पोहोचेल अशी व्यवस्था करते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
पुण्यातील एक वाचक